किती वाजले?

बॅटरी जोडल्यावर मोटरीतून अकरा सूर निघाले होते आणि मी "बारा" म्हणालो. माझी चूक एवढीच, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. ती एवढीच नव्हती, ते पुढं येईलच. पण सुरुवात तिथून झाली, म्हणून मीही तिथूनच करतो.

ज्यांना मी बारा म्हणालो त्यांना मी काका म्हणतो. नात्यानं ते माझे कोणी नाहीत. इंदिरानगरला आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर आहे. एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा बनवावा लागतो, त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा भाग मुळातच थोडा मोठा ठेवायचा. त्यासाठी काकांकडं एक पोलादी पट्टी होती. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर लांब होता. "घट आधीच धरून मोजायचं," ते म्हणत. मला ती पट्टी पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी ती खोटी आहे म्हणालो होतो. ते हसले. "खोटी नाय रे. पुढचं बघून मोजते ती."

फाउंड्रीनं त्यांचे कान नेले होते. जाड आवाज त्यांना कळत. दार आपटलं, ट्रक गेला, की मान वळायची. पातळ आणि उंच आवाज मात्र त्यांच्या जगातून गेले होते. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, चिमण्या, काही नाही. माणसाचं बोलणं समोर बसून, ओठ बघत कळायचं. काकूंना त्यांना बोलवायचं असलं की त्या टेबलावर थाप मारत.

निवृत्तीनंतर ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमानं बनवू लागले. खेळण्यातली नव्हेत, खरोखर उडणारी, हातातल्या रिमोटवर चालणारी. एके दिवशी कंपाउंडच्या भिंतीवरून मला एक पंख दिसला. नुसता सांगाडा, आरपार ऊन येणारा. मी फाटक वाजवलं. मी कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम बघतो आणि रविवारी माझं छोटं विजेवरचं विमान उडवतो, असं सांगितल्यावर त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं.

"म्हणजे वायरमन."

"इंजिनियर आहे काका."

"तेच ते. ये आत, वायरमन."

तेव्हापासून मी वायरमनच.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोठं विमान काढलं. साडेआठ फुटांचा पंख. बाल्साचं हलकं लाकूड आणि प्लायवूड, प्रत्येक फासळी हातानं कापलेली. नाकात पेट्रोलचं इंजिन बसवायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्याला कारण होतं. "इंजिन छातीत कळतं," ते म्हणाले. "वर चढताना दम लागला, अडखळलं, बंद पडलं, सगळं इथं कळतं. विजेच्या मोटरीला आवाज कुठाय? असला तरी मला नाय येत. मग मला कसं समजणार ती चालू हाय का बंद?"

मी त्यांना पटवत राहिलो. पेट्रोलची घाण नको, थरथर नको, लाकडाला तेल लागून ते सैल होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण माझं कारण वेगळं होतं. पेट्रोलचं इंजिन बसलं असतं तर त्या विमानात माझं काहीच नसतं. मी शेपटी धरून उभा राहणारा माणूस झालो असतो. मला त्यात वाटा हवा होता. म्हणून मी म्हणालो, "मी आहे ना काका. मी तुमच्या शेजारी उभा राहीन. मोटरीचा आवाज बदलला की लगेच सांगीन. तुमचा कान मी."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. ऐकू आलंय की नाही अशी मला शंका आली, म्हणून मी पुन्हा म्हणालो. "तुमचा कान मी."

"एकदा कळलं," ते म्हणाले. "लाकडाचं मी बघतो, वायरीचं तू बघ."

मग आम्ही मोटर आणि बॅटरी निवडायला बसलो. ते दोन महिने मी अजून विसरलेलो नाही. पहिली गोष्ट वजन. मी अंदाजानं सात किलो म्हणालो. काकांनी निफाडहून भाच्याचा द्राक्षं तोलायचा टांगता काटा मागवला आणि विमान पंखासकट शेडच्या तुळईला टांगलं. मग कागदावर जे अजून बसायचं होतं ते सगळं लिहायला लावलं. रंग, चाकं, वायरी, मोटर, बॅटरी. बेरीज नऊ किलोच्या जवळ गेली. "घट धरतात तसं वजनही आधीच धरायचं," ते म्हणाले. "सातावर मोटर घेतली असती तर काय झालं असतं?"

"उडालं असतं, पण चढलं नसतं."

"माझ्या जावयासारखं," आतून काकू म्हणाल्या. काकांना अर्थातच ऐकू आलं नाही.

नऊ किलोच्या विमानाला दर किलोमागं अडीचशे-तीनशे वॅट धरले तर मोटर अडीच ते पावणेतीन हजार वॅटची हवी. ही ताकद दोन प्रकारे मिळते. कमी दाब आणि खूप प्रवाह, किंवा जास्त दाब आणि कमी प्रवाह. मी काकांना विहिरीवरच्या पंपाचं उदाहरण दिलं. दाब वाढवला तर तेच काम बारीक पाइपातून होतं. बॅटरीत सहा सेल घेतले तर वायरी तापणार, बारा घेतले तर प्रवाह निम्म्यावर येतो आणि सगळं थंड चालतं. मोटरीवर एक आकडा लिहिलेला असतो, एका व्होल्टला ती किती फेरे घेते त्याचा. नाकावरचा मोठा पंखा सावकाश फिरवायचा तर हा आकडा लहान हवा. हे त्यांना माझ्याआधी कळलं. "लेथची मोठी पुली," ते म्हणाले आणि विषय संपला. बावीस इंची पंखा ठरला. दोनशेच्या आतबाहेर आकडा असलेली, ताटलीसारखी चपटी, जड मोटर ठरली.

बॅटरीचं वजन तर त्यांनी वाळूवर ठरवलं. फडक्यात वाळू बांधली, नाकाच्या पोकळीत ठेवली आणि विमान पंखाखाली दोन बोटांवर तोलून पाहिलं. पुढं सरकवली, मागं घेतली, मूठभर काढली, चिमूटभर घातली. नाक जरासं खाली झुकून स्थिर राहिलं तेव्हा ती पुरचुंडी काढून काट्यावर ठेवली. दीड किलो. सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या तर बरोबर तेवढं वजन आणि आठ मिनिटं उडून थोडी शिल्लक राहील एवढी क्षमता. मी कागदावर वेगळ्या वाटेनं त्याच आकड्याला पोचलो होतो. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. सांगायचा मुद्दा असा की निवड चुकली नव्हती. मोटर बरोबर होती, बॅटरी बरोबर होती. नंतर कोणी मला मोटर आणि बॅटरी कशी निवडायची विचारलं की मी हे सगळं नीट सांगत असे आणि पुढचं गाळत असे.

दोन बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच लॉटमधल्या घेतल्या. काकांनी बजावलं होतं. ते शेतकऱ्याच्या घरातले. "बैलजोडी हाय ही. एकाला रोज नांगराला जुंपायचं आन दुसऱ्याला गोठ्यात ठेवायचं, असं केलं की जोडी मोडते. मग गाडी ओढायला लावली की कमजोर बैल बसतो आन गाडी उलटते. वापरायच्या तर दोन्ही, नायतर एकही नाय."

दसऱ्याला काकूंनी शेडमधल्या हत्यारांची पूजा केली. रंधे, पटाशा, ती सूतभर लांब पट्टी, मोटर. दोन्ही बॅटऱ्यांवर त्यांनी कुंकवाचं एकेक बोट ओढलं आणि म्हणाल्या, "घ्या. जोडीला नजर नको लागायला."

आता ते सूर. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये एक कंट्रोलर असतो. बॅटरी जोडली की तो आधी किती सेल आहेत ते मोजतो आणि मोटरीतूनच तितके सूर काढून सांगतो. पातळ, उंच सूर. टीं, टीं, टीं. भरलेले बारा सेल असतील तर बारा. काकांना यातला एकही ऐकू येत नसे. म्हणून दर वेळी बॅटरी जोडली की ते माझ्याकडं वळून विचारत, "किती वाजले?"

"बारा."

पहिल्या वेळी काकू पोह्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, सकाळचे साडेआठ झालेत. बारा कुठले?"

काकांनी त्यांचे ओठ वाचले. "विमानाचे बारा वाजल्याशिवाय ते उडत नाय," ते म्हणाले. मग तो आमचा खेळच झाला. मी गल्लीत भेटलो तरी ते लांबून ओरडत, "वायरमन, किती वाजले?" आणि दुपार असो की संध्याकाळ, मी ओरडायचो, "बारा!"

दिवाळीनंतर निफाडच्या पुढं, भाच्याच्या शेताशेजारच्या माळावर विमान पहिल्यांदा उडालं. काकांच्या हातात रिमोट, मी त्यांच्या डाव्या खांद्याशी. मोठा पंखा सावकाश फिरत होता, आवाज नुसता वाऱ्यासारखा. "चालू आहे," मी सांगत होतो. "चालू आहे. वळताना थोडा भार. ठीक आहे." सात मिनिटांनी ते इतकं अलगद उतरलं की भाच्यानं डोक्यावरची टोपी काढली.

बॅटऱ्या माझ्याकडं असत. चार्जिंगचं सामान माझं. त्या हिवाळ्यात माझ्या छोट्या विमानाची बॅटरी फुगली. तिला सहाच सेल लागत. एका रविवारी मी जोडीतली एक घेतली. फक्त आजच्या दिवस, असं म्हणालो. पुढच्या रविवारीही तेच म्हणालो. असे सहा-सात रविवार गेले. एकदा मी ती जास्तच पिळली, उतरवेपर्यंत हाताला चटका बसावा इतकी ती गरम झाली. पट्ट्यानं बांधून बांधून तिच्यावरचं कुंकू पुसलं गेलं होतं.

मग काकांचा निरोप आला, येत्या रविवारी निफाडला. मी शुक्रवारी दोन्ही चार्ज केल्या. रविवारी सकाळी डब्यात ठेवताना दिसलं, एकीवर कुंकू आहे आणि दुसरीवर नाही. मी आमच्या देवघरातला कुंकवाचा करंडा घेतला आणि पुसलेल्या बॅटरीवर तसंच एक बोट ओढलं. सेल तपासायचं छोटं यंत्र तिथंच टेबलावर होतं. ते लावायला अर्धं मिनिट लागतं. मी ते लावलं नाही, खिशात टाकलं. कुंकू मात्र नीट लावलं, दुसऱ्याइतकंच लांब.

निफाडला त्या दिवशी कडाका होता. बागांना थंडी बाधू नये म्हणून द्राक्षवाल्यांनी बांधाबांधाला शेकोट्या पेटवल्या होत्या आणि धूर जमिनीला चिकटून पडला होता. भाचा आणि त्याचे दोघे-तिघे शेजारी बघायला आले होते. काका स्वेटरवर स्वेटर घालून, मफलर बांधून उभे. मी बॅटऱ्या नाकात सरकवल्या आणि जोडल्या.

टीं, टीं. मी मोजत होतो, सवयीनं. नऊ, दहा, अकरा. आणि मग काही नाही. मी बाराव्याची वाट बघितली. माळावर शांतता होती. एक सेल बसला होता, त्याच बॅटरीतला, हे मला त्याच क्षणी कळलं.

"किती वाजले?" काकांनी विचारलं.

खिशात ते यंत्र होतं. "थांबा काका, काहीतरी चुकतंय," एवढं म्हणालो असतो तर दोन मिनिटांत नाक उघडून, बॅटरी काढून आम्ही शेकोटीपाशी चहा घेतला असता. पण मग कोणती बॅटरी, का, कशी, हे निघालं असतं. त्यांनी बैलजोडीचं सांगितलेलं सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं असतं.

"बारा," मी म्हणालो.

आणि ते हसले. "बघ," भाच्याला म्हणाले, "सकाळी नवाला बारा वाजवतो हा माणूस."

विमान जमिनीवरून उठलं. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत बागेच्या वरून वळून वर चढताना मोटर थांबली. कमकुवत बॅटरी भार पेलत नाही असं दिसलं की कंट्रोलर ताकद तोडतो, ते त्याचं कामच आहे. वाऱ्यासारखा तो आवाज अचानक नाहीसा झाला. मी त्यांच्या डाव्या खांद्याशी उभा होतो. मी त्यांचा कान होतो. "मोटर बंद, नाक खाली घ्या," एवढेच शब्द. नाक खाली घातलं असतं तर विमान घसरत, हळूहळू माळावर आलं असतं. ते त्यांना उत्तम जमायचं.

माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. मी ओरडलो असतो तर तो अकरा सुरांचा कबुलीजबाब झाला असता. हे मी तेव्हा मनात शब्दांत मांडलं नव्हतं, पण गप्प बसण्यामागं तेच होतं. तीन-चार श्वास गेले. काकांना वाटलं मोटर ओढते आहे, मग विमान खाली का येतंय? त्यांनी नाक वर खेचलं. वेग आधीच संपला होता. एक पंख पडला आणि विमान एका कुशीवर फिरत बागेच्या टोकाच्या दगडी खांबावर गेलं.

लाकूड मोडल्याचा आवाज जाड असतो. तो त्यांना ऐकू आला.

आम्ही धावलो. मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि सगळ्यात आधी बॅटऱ्या काढून माझ्या पिशवीत टाकल्या. लोकांना वाटलं आग लागू नये म्हणून. भाचा म्हणाला, "थंडीनं काय झालं का, मामा?"

"थंडीनं नाय." काका मोडलेल्या फासळ्यांकडं बघत होते. "ओढलं मी. लय ओढलं."

"आता वय झालं मामा. हात थरथरतोय तुमचा. रिमोट धरला तेव्हाच मी बघितलं."

काकांनी आपले दोन्ही हात समोर धरले. थंडीत कोणाचेही थरथरतील तसे ते थरथरत होते. त्यांनी ते बघितले आणि स्वेटरच्या आत घेतले.

परत येताना गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. मग माझ्या तोंडाकडं वळून विचारलं, "वायरमन, मोटर चालू होती ना शेवटपर्यंत?"

मी वर लिहिलं की माझी चूक अकराला बारा म्हणण्याएवढीच नव्हती. ती ही.

"हो काका," मी म्हणालो. "चालू होती."

त्यांनी मान हलवली. म्हणजे मग चूक हातांचीच, असं त्यांना म्हणायचं होतं.

महिन्याभरात त्यांनी हत्यारं वाटली. रंधे एका फर्निचरवाल्याला, पटाशा भाच्याच्या ओळखीच्या सुताराला. शेडमध्ये काकूंनी वाळवणं ठेवायला सुरुवात केली. मोडलेल्या विमानाची मोटर आणि कंट्रोलर त्यांनी मला ठेवायला दिला, आणि पट्टीही. ती सूतभर लांब पट्टी. "तू ठेव," म्हणाले. "मोजण्यात तू पक्का."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण का नको, हे सांगावं लागलं असतं. मी घेतली.

त्यानंतरची दोन वर्षं मला आवाज मोजायची खोड लागली. कारखान्यात फोर्कलिफ्ट मागं येताना वाजते ते मी मोजतो. घरात वीज गेली की इन्व्हर्टर सूर काढतो, ते मोजतो. मायक्रोवेव्ह, बँकेतलं टोकनचं यंत्र, शेजाऱ्यांच्या गाडीचा अलार्म. दर वेळी अकरावर मी हातातलं काम थांबवतो. पुढचा सूर आला तर सुटल्यासारखं वाटतं, नाही आला तर मी जिथं असेन तिथं तो माळ येतो, धूर येतो, डाव्या बाजूला स्वेटरचा खरखरीत स्पर्श येतो. एकदा जेवायच्या वेळी बायकोनं सहज विचारलं, "किती वाजले हो?" घड्याळात सव्वा होता. मी म्हणालो, "अकरा." ती म्हणाली, "डोळे तपासून घ्या." पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की ती सरकते आणि कडेला लागून एकदाच वाजते. मी तो खण उघडायचा बंद केला.

गल्लीत काका भेटायचे. लांबून ओरडणं त्यांनी सोडलं होतं. हात पँटच्या खिशात. काकू एकदा म्हणाल्या, "चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतात हल्ली. डॉक्टर म्हणाले काही आजार नाही. मनानं धरलंय." मी मान हलवली आणि पुढं गेलो. मी चालत चालत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि कोणत्या कामाला निघालो होतो ते मला आठवेना.

मग या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीनं त्यांना कानाचं यंत्र बसवून दिलं. चौथ्या दिवशी मला फोन आला. त्यांनी मला फोन केल्याची ती पहिलीच वेळ.

"वायरमन, ती मोटर हाय का तुझ्याकडं?"

"आहे काका."

"घेऊन ये. बॅटऱ्या आण. सकाळपासून कुकरची शिट्टी ऐकतोय, पाल चुकचुकते ती ऐकली, हिची बांगडी ऐकली. आता मला ते बारा ऐकायचेत. एवढे दिवस तुझ्याच कानानं ऐकले."

मी मोटर आणि कंट्रोलर घेतला. बॅटऱ्या माझ्याकडं दुसऱ्या होत्या, एकाच वेळी घेतलेल्या, तंतोतंत सारख्या. निघण्यापूर्वी मी त्यांचा सेल न सेल तपासला. बारा वाजणार होते. वाटेत मला एवढंच सुचत होतं की आता ते बारा ऐकतील, खूश होतील, आणि माझं खोटं कायमचं खरं होईल. पुन्हा कोणी कधी विचारणार नाही.

जेवणाच्या टेबलावर मी लाकडाचा तुकडा शिकंज्यानं आवळला, त्यावर मोटर कसली. पंखा लावला नाही. काका समोर बसले. दोन्ही कानांमागं शेंगदाण्याएवढी यंत्रं. काकू दारात, हातात पोह्यांची ताटली.

मी बॅटरी जोडली.

पहिल्याच सुराला काका दचकले. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला, टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागले. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन, तर्जनीची तीन. हात थरथरत होता. शेवटचा सूर आला तेव्हा अंगठा तर्जनीच्या शेवटच्या पेरावर होता. चार बोटं बरोबर भरली.

"बारा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "किती बारीक आवाज हाय रे. माशी गुणगुणावी तसा. त्या दिवशी पण असाच वाजला होता ना?"

एवढं "हो" म्हणायचं होतं. दोन वर्षांपूर्वी गाडीत म्हणालो होतो तसंच. ते माझ्या ओठांकडं बघत नव्हते. आता त्यांना ओठ बघायची गरज नव्हती. ते आपल्या हाताकडं बघत होते.

"नाही काका," मी म्हणालो. "त्या दिवशी अकरा वाजले होते."

काकूंनी ताटली खाली ठेवली.

"काय म्हणालास?" काका म्हणाले.

यंत्रं कानात होती. त्यांना ऐकू आलं होतं. मी तरीही पुन्हा सांगितलं. जोडीतली एक बॅटरी मी वापरली होती, ते सांगितलं. पुसलेल्या कुंकवावर कुंकू लावलं, ते सांगितलं. त्या वेळी काकूंकडं बघवलं नाही. मोटर वर चढताना थांबली आणि मला ऐकू आलं आणि मी शब्द काढला नाही, ते सांगितलं. ती शेवटपर्यंत चालू होती असं गाडीत म्हणालो, ते सांगितलं. पट्टी मी बरोबर आणली होती. ती त्यांच्या हातापाशी ठेवली.

त्यांचा अंगठा अजून तर्जनीवर होता. त्यांनी तो सावकाश एक पेर मागं घेतला आणि मोकळ्या राहिलेल्या पेराकडं बघत राहिले.

मी म्हणालो, "तुमच्या हातांनी काही चुकलं नव्हतं, काका. मोटर बंद पडली होती आणि मी सांगितलं नाही. हे दोन वर्षं मला माहीत होतं. मला माफ करा."